उजव्या अंगठ्यास खुले पत्र

मु. पो. राळेगणसिद्धी, ता. पारनेर

प्रति,
श्री. उजवा अंगठा,
मुक्काम माझाच हात.

स. न. वि. वि.

मायन्यात तुला 'आपण' म्हणावं असं आधी ठरवलं होतं. आमच्या गावाला खुल्या पत्रांची सवय जुनी. इथून मुख्यमंत्र्यांना पत्रं गेली, पंतप्रधानांना गेली, आणि त्यातल्या काहींनी दिल्लीची झोप उडवली. त्या मानाने तुझा हुद्दा लहान. शिवाय बावन्न वर्षं आपण एका ताटात जेवतोय. तेव्हा 'तू'च बरं.

आधी आरोप वाचून दाखवतो. परवा रात्री साडेदहाला स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, कुकरची रिंग गेली, शिट्टीच होईना." मी आडवा झालेलो. तू मात्र जागाच होतास, नेहमीसारखा. 'बघू सकाळी' एवढं म्हणेपर्यंत तू रिंग शोधलीस, पाच लिटरची निवडलीस, 'फक्त ३ शिल्लक' वाचून घाबरलास आणि दाबून मोकळा झालास. चला, एक काम झालं, असं म्हणत मी झोपलो. सकाळी शटर वर केलं, उदबत्ती लावायला मान वर केली, तर गल्ल्याच्या बरोबर वर, खिळ्याला, सुतळीत ओवलेल्या सहा रिंगा. पाच लिटरच्या. माझ्याच दुकानातल्या. मागच्या दिवाळीपासून तिथंच लोंबताहेत.

किराणा आणि जनरल स्टोअर्सचा मालक स्वतःच्या डोक्यावर टांगलेली वस्तू भिवंडीच्या गोदामातून मागवतो, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. गावात बोभाटा होण्याआधी मीच जाहीर करून टाकतोय, इतकंच.

तुझं घराणं तसं जुनं पापी. तुझा डावा भाऊ आठवतो? आज्याच्या काळातल्या कागदांवर तळाला एक काळा ठिपका असायचा आणि शेजारी 'नि. डा. हा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्या ठिपक्यासरशी जमीन सावकाराच्या चोपडीत जायची. त्याच्याही आधी, १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात (आपलं एमआयडीसीचं सुपे नव्हे, ते बारामतीकडचं) कुणब्यांनी बाजाराच्या दिवशी सावकारांना घेरलं, आणि ते लोण बघता बघता आपल्या पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत आलं. सावकाराच्या जिवाला लोकांनी फारसा हात लावला नाही. खतं आणि चोपड्या तेवढ्या मागून घेतल्या आणि पेटवल्या. कर्ज जिथं मांडलंय तो कागदच ठेवायचा नाही, एवढं साधं गणित. इंग्रजांना चौकशी बसवावी लागली, १८७९ ला कायदा करावा लागला.

डाव्याचं मी समजू शकतो. तो अडाणी, पुढं जे धरलं त्यावर टेकला. तू शिकलेला, तुला अंगठेबहाद्दर म्हणायचीही सोय नाही. पण अटी आणि नियम तूही वाचत नाहीस, सरळ 'मान्य' वर टेकतोस. रक्त एकच.

तुझ्यावर संस्कार काही कमी झाले नव्हते. दुकान वडिलांनी टाकलं ते ऐंशीच्या दशकात. १९७५ ला अण्णा हजारे फौजेतून गावी परतले तेव्हा गावात दारूच्या तीस-चाळीस भट्ट्या आणि प्यायला पाणी नाही, अशी उलटी श्रीमंती होती. देवळात बैठक झाली, भट्ट्या बंद पडल्या. पुढं एका होळीला गावातल्या पोरांनी विड्या, सिगारेटी, तंबाखू गोळा केली आणि होळीतच टाकली; गावातल्या दुकानात यापुढं हे विकायचं नाही, ठरलं. बाहेरच्या माणसाला यातली गोम कळत नाही. कुठल्याही गावच्या टपरीवाल्याला विचारा, त्याचं घर साखरेवर चालतं की तंबाखूवर. अण्णांनी स्वतः फौजेत जाण्याआधी मुंबईत दादरला फुलं विकलेली, त्यामुळं आपण दुकानदाराला काय सोडायला सांगतोय हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. वडिलांनी ते सोडलं आणि साखर, चहापत्ती, वह्या, खोबरेल तेल, रबरी चपला, बांगड्या यांवर दुकान उभं केलं.

मला सातवीत गल्ल्यावर बसवलं तेव्हा पहिला धडा तुझ्यासाठी होता. पुडी बांधणे. वर्तमानपत्राचा चौकोन, मधे पाव किलो साखर, दोन कडा आत, तिसरी वरून, आणि मग तू. तू घडीवर घट्ट बसायचास. वरून टांगलेल्या रिळाचा दोरा डाव्या हाताने एकदा आडवा, एकदा उभा, तुझ्या नखाखालून गाठ आणि एक हिसडा. दोरा तुटायचा, पुडी सुटायची नाही. पहिल्या आठवड्यात तुला कागदाने चार ठिकाणी कापलं. वडील म्हणाले, "कापू दे, त्याला कळतंय."

आता मुख्य मुद्दा. या गावाने देशाला एक गोष्ट शिकवली. माथ्यावर पडलेला थेंब पायथ्यापर्यंत धावू द्यायचा नाही. त्याला चरात बसवायचं, नालाबांधाला थोपवायचं, पाझर तलावात मुरवायचं. मग तोच थेंब मे महिन्यात विहिरीत भेटतो. पाऊस जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. लोक बसा भरभरून हे बघायला यायचे, अजून येतात. डोंगर बघतात, बंधारे बघतात, वहीत लिहून घेतात आणि जाताना माझ्याकडून पाण्याची बाटली घेतात. गल्ल्यावर बसलेला हा टकला माणूसही एक नालाबांधच आहे, हे त्यातल्या एकालाही कधी सुचलं नाही.

कसा, ते ऐक. दहाचा बिस्किटपुडा विकला तर माझ्याकडे रुपयाच्या आसपास राहतो. बाकीचे नगरच्या ठोक दुकानदाराकडे आणि पुढं कंपनीकडे जातात. ते माझ्याच्याने कधी अडले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण तो एक रुपया गावात थांबतो. शिंप्याकडे जातो, दूधवाल्याकडे जातो, फिरून पुन्हा गल्ल्यात येतो. सप्ताह बसला की एका पंगतीची साखर माझ्याकडून. जत्रेतल्या हगाम्याला वर्गणी माझ्याकडून. कुणाच्या घरी मयत झालं तर रात्री दोनला शटर उघडून सामान माझ्याकडून, आणि पैसे दहाव्यानंतर, तेही मी मागत नाही. तुझ्या त्या ॲपकडे सप्ताहाचं पावतीपुस्तक घेऊन कोण जाणार? गेलंच कुणी, तर ते विचारेल, 'या अनुभवाला तुम्ही किती तारे द्याल?'

पाणी अडवलं आणि पैसा सोडला वाहून. ज्या ओढ्याने तो वाहतोय त्याची रुंदी किती? मोजली मी पट्टीने, तुझ्या पेरापाशी. पाऊण इंच.

तू म्हणशील, दुकान बंद कुठं पडलंय? नाही पडलं. उलट गर्दी वाढलीय. रोज अकराच्या सुमारास डिलिव्हरीवाला पोरगा येतो, पाठीवर त्याच्याहून मोठी पिशवी. वाडेगव्हाणहून आत वळतानाच त्याने सगळ्यांना फोन लावलेले असतात. कुणी कांद्यात असतं, कुणी गोठ्यात, कुणी सुप्याच्या कंपनीत पाळीवर. "काका, एवढं ठेवून घ्या, येतील संध्याकाळी." ठेवून घेतो. पोरगा भला आहे, उन्हातान्हात फिरतो, त्याच्यावर राग धरून काय उपयोग? ज्या फळीवर पूर्वी माझ्या चपलांची खोकी असायची तिच्यावर आता गावाची पार्सलं असतात. त्यातल्या निम्म्यात चपला.

संध्याकाळी मालक येतात. "काका, कात्री आहे का?" माझ्याच कात्रीने, माझ्याच काउंटरवर खोकं फोडतात, नव्या चपला घालून माझ्याच फरशीवर चार पावलं चालतात आणि मलाच विचारतात, "पुढून दाबताहेत का हो?" दाबत असल्या तर परत बांधायला चिकटपट्टी माझीच. मग जाता जाता पाच रुपयांची शाम्पूची पुडी घेतात आणि तुझा एखादा भाऊबंद त्या पाचासाठी कोड स्कॅन करतो. मागच्या महिन्यात एकाने साडेअकराशेचं पार्सल पोराला रोख मोजून सोडवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "साबणाचे चाळीस मांडून ठेवा." वडिलांच्या वेळेपासून भिंतीवर पाटी आहे, 'आज रोख उद्या उधार'. गाव ती आता 'तिकडं रोख इकडं उधार' अशी वाचतं.

२०२० च्या जानेवारीत ॲमेझॉनचे जेफ बेझोस भारतात आले होते. लहान व्यापाऱ्यांना डिजिटल करायला एक अब्ज डॉलर घालतो म्हणाले. मुंबईतल्या एका किराणा दुकानात पार्सल हातात घेऊन फोटोही काढला. तिकडं व्यापारी रस्त्यावर उतरून निदर्शनं करत होते. कायदाही आहे बरं का. परदेशी भांडवलाच्या कंपनीने फक्त बाजार भरवायचा, स्वतःचा माल विकायचा नाही, भावाला हात लावायचा नाही. २०१८ च्या डिसेंबरात तो आणखी आवळला, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू केला. बाजार भरवणारा भाव पाडत नाही म्हणतात. मग दिवाळीची ती सूट कोण देतं? लक्ष्मी स्वतः येत असावी.

तुला बिघडवलं कुणी याचाही तपास केला. एकट्याचं काम दिसत नाही. २०१० ला फ्लिपकार्टने माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय काढली. 'आधी वस्तू दाखव' म्हणणारं आपलं मराठी कुलूप त्या एका किल्लीने उघडलं. २०१३ च्या जूनमध्ये ॲमेझॉनचा भारतातला बाजार सुरू झाला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओचं इंटरनेट फुकट मिळालं आणि दोन महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, गल्ल्यातल्या नोटांचे कागद झाले. एकाने हातात फोन दिला, दुसऱ्याने हातातली रोकड काढून घेतली. मोकळा राहिलास तू.

टाळेबंदीत मात्र तुझी फजिती मी डोळ्यांनी पाहिलीय. दाबदाब दाबायचास आणि काच म्हणायची, आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही. त्या दोन महिन्यांत गावाला माझं दुकान नव्याने सापडलं. फक्कीने आखलेल्या चौकोनांत माणसं उभी, मी दोरीपलीकडून पिशव्या देतोय, पास काढून नगरहून माल आणतोय. उधारीच्या दोन वह्या भरल्या. मला वाटलं, आता आपलं राज्य. जून उजाडला, शाळा फोनवर भरली, पोरांसाठी घरोघर चांगले फोन आले आणि त्या फोनमध्ये दप्तराशेजारी दुकानही आलं. त्या दोन वह्यांपैकी एक अजून वसूल व्हायचीय.

किराण्याचं मला फार भय नाही. पाव किलो गुळासाठी माणूस दोन दिवस थांबत नाही. (शहरात म्हणे दहा मिनिटांत घरी आणून देतात. आमच्याकडे दहा मिनिटांत दुकानात पोचता येतं आणि वाटेत चार माणसं भेटतात.) मार बसलाय तो कापडाला, चपलांना, भांड्यांना, मोबाइलवाल्यांना. आणि कापड म्हटलं की मला नगरचा कापड बाजार आठवतो. कागदावर ते २०२४ पासून अहिल्यानगर झालं, जिभेवर अजून नगरच आहे.

माझ्या लग्नाचा बस्ता कापड बाजारात बांधला. दोन्हीकडची मिळून अठ्ठावीस माणसं, एक टेम्पो. चपला काढून पांढऱ्या गादीवर चढलो. आधी पाणी, मग चहा, मग दुकानदाराने विचारलं, "पाव्हणे कुठले?" राळेगण म्हटल्यावर त्याने पुढं केलेलं पानाचं तबक हळूच मागं घेतलं, बडीशेप मागवली. शालू, हळदीची साडी, कलवऱ्यांच्या साड्या, मामांचे फेटे, आजेसासूचं नऊवारी. एकेक साडी हवेत उघडायची आणि समोर अंथरली जायची. आत्या म्हणायची, काठ बारीक. मावशी म्हणायची, रंग उठत नाही. आणि तो माणूस कपाळावर आठी न आणता पन्नासावी साडी उघडायचा. पाच तास. दोन भांडणं झाली, त्यातलं एक व्याह्यांच्या मानाच्या धोतरावरून. सासऱ्यांचा हात किती सढळ आणि आमच्या चुलत्याचा किती आखडता, हे त्या गादीवर सगळ्यांना कळून चुकलं. दोन घरांची खरी ओळख तिथं झाली, मांडवात नुसत्या अक्षता पडल्या.

मागच्या वैशाखात पुतणीचं लग्न. शालू कापड बाजारातूनच आला, एवढं मान्य. पण मानपानाच्या चाळीस साड्या तू आणि तुझ्यासारख्या पाच-सहा अंगठ्यांनी ओसरीवर बसून एका रात्रीत उरकल्या. भांडण नाही, चहा नाही. आल्या तेव्हा चाळीस साड्यांत रंग सहा आणि काठ एक. मांडवात असं वाटत होतं की बचत गटाचा मेळावा भरलाय. फोटोत आत्या कुठली आणि वाढपीण कुठली, यावर घरात अजून एकमत नाही.

पण तू जगातला पहिला नाहीस, एवढी घमेंड नको. अमेरिकेत १८८८ पासून सिअर्सची छापील मालयादी टपालाने घरोघर जायची. पुढं ती उशीएवढी जाड झाली. घड्याळापासून शेतीच्या अवजारांपर्यंत सगळं तिच्यात, अख्ख्या घराचे सुटे भागसुद्धा. १९१३ ला तिथल्या टपालखात्याने पार्सल सेवा काढली तशी खेड्यांतल्या दुकानदारांची कंबर मोडली. त्यांनी काय केलं असेल? होळी. चौकात त्या याद्या गोळा करून पेटवल्या, पोरांनी यादी आणून दिली की बक्षीस. हे वाचलं तेव्हा मला आपल्या गावची बिड्यांची होळी आठवली आणि उगाच बरं वाटलं. दुकानदार सगळीकडे सारखाच. पण होळीने काही अडलं नाही. सिअर्स फुगली, तिने स्वतःच थोरली दुकानं थाटली, १९९३ ला ती जाडी यादी बंद केली आणि पुढच्याच वर्षी बेझोसनी ॲमेझॉन काढली. २०१८ ला सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी मुंबईत फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल मिटला. काळा घोड्याचं संगीताचं दुकान ऱ्हिदम हाउस त्याआधी दोन वर्षं. त्यांच्यासाठी रडायला लेखक होते, गवई होते, वर्तमानपत्रांत रकाने भरून आले. तालुक्याच्या गावातलं चपलांचं दुकान बंद झालं की त्या गाळ्यात कुरिअरचं ऑफिस येतं, बस.

सुप्यात चोपड्या होत्या, अमेरिकेत याद्या होत्या, राळेगणात बिड्या होत्या. पेटवायला काहीतरी हाती लागत होतं. तुझं काय पेटवू? फोन? त्याचे सात हप्ते बाकी आहेत.

म्हणून ग्रामसभेत जायचा विचार केला. आमच्या ग्रामसभेला कमी समजू नकोस. २०२२ च्या जानेवारीत सरकारने शंभर चौरस मीटरहून मोठ्या दुकानांत कुलूपबंद कपाटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला आणि फेब्रुवारीत इथं ग्रामसभा बसली. मी मागं बसून ऐकत होतो आणि मला वेगळंच सुख होत होतं. दुकानात काय विकावं यावर भांडताहेत, म्हणजे लोक अजून दुकानात जाणार हे दोन्ही बाजूंना मान्य आहे! तर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही आमच्या गावची पंचसूत्री. तिला सहावी 'अंगठाबंदी' जोडावी असं सुचवणार होतो. दारूच्या दुकानासाठी बायका उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान करतात, तसं उभा अंगठा-आडवा अंगठा. मग लक्षात आलं, ठराव गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की त्याखाली पहिला उमटणार तो तूच. उभा. पिवळाधमक.

इथपर्यंतचं पत्र मी मुलीला वाचून दाखवलं. ती पुण्यात शिकते, दोन दिवस आली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, बारावीपर्यंत मी आपल्या दुकानात काय मागू शकले, सांगा." मला आधी उमगलं नाही. मग उमगलं. पॅड घ्यायला आलेल्या पोरी दुकानातली गडीमाणसं हलेपर्यंत शेजारच्या खांबाआड उभ्या राहायच्या. मी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून, भिंतीकडे बघत द्यायचो आणि स्वतःला फार सभ्य समजायचो. आतले कपडे तीन मापांत, आणि 'हे बसेल' हेही मीच सांगायचो. "फोन माझ्याकडे बघत नाही आणि संध्याकाळी आईलाही सांगत नाही," ती म्हणाली.

यावर मी गप्प बसलो. अजून गप्पच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत एके काळी ठरावीक आळीतल्या माणसाला दुकानाच्या पायरीखाली उभं करून वरून पुडी टाकायचे, तेही दुकानच होतं. ॲपला आडनाव लागतं ते खोक्यावर लिहायला. आणि आम्ही तरी कुठले संत? 'घ्यायचंय का नुसतं बघायचंय' हे वाक्य आमचंच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी 'आज रोख'च्या खाली माझ्याच भिंतीवर आहे. सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या-चॉकलेटं वीस वर्षं मी खपवली, आणि त्याचा हिशोब केला तर सप्ताहाची साखर तेवढ्यात निघते. तुला वकील हवा असेल तर घरातच आहे.

एक दुकान मात्र तुला अजून चुकलेलं नाही. रेशनचं. तिथं तुला जातीने हजर राहून मशीनच्या काचेवर माथा टेकावा लागतो. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, तिथून तुमच्या जमातीचा भाव वधारला. पण सगळ्या अंगठ्यांचा नाही. आमच्या आळीत एक आजी आहेत. साठ वर्षं खुरपं धरून आणि कांद्याची रोपं टोचून त्यांचा अंगठा पाटीसारखा घोटलाय, रेषा म्हणून राहिलेली नाही. मशीन चारदा नकार देतं, मग नातीला शेतातून बोलावून आणतात. फोनची काचही त्यांना दाद देत नाही. म्हणून त्या रोज दिवेलागणीला माझ्याकडे येतात. दहाची चहापत्ती, पाव किलो साखर, आणि एखादी बातमी. बातमी त्या देतात, मला ती फुकट मिळते.

काल आल्या. पिशव्या संपलेल्या. म्हटलं, थांबा, पुडी बांधतो. पेपर काढला, साखर ओतली, दोन कडा आत, तिसरी वरून. रीळ केव्हाच निघालंय, म्हणून सुतळीचा एक पदर सोडवून घेतला. आणि तुला म्हटलं, बस. तू बसेनास. दोनदा घसरलास. तिसऱ्यांदा कागद फाटला आणि साखर काउंटरवरच्या पार्सलांवर सांडली. आजींनी पदर पुढं धरला.

"राहू दे बाबा, हितंच ओत."

कळावे,
तुझा,
बाकीच्या चार बोटांसह मी

ता. क. रिंग आली. तीन लिटरची आहे. 'परत करा' वर तूच दाब. तोवर डाळ थांबत नाही म्हणून खिळ्यावरची एक काढून घरी दिलीय. साठ रुपये. तुझ्या नावावर मांडून ठेवलेत.